कालव्यावरचे दोन खांब

नर्सच्या रजिस्टरात ‘पडण्याचं कारण’ असा एक रकाना होता आणि गेले चार महिने त्या रकान्याने तिचं डोकं उठवलं होतं. साठीच्या पुढची अकरा माणसं पडली होती. कोणाचं मनगट मोडलं, कोणाचा खांदा निखळला, कोणाच्या भुवईला टाके पडले. कारण मात्र अकराही जणांचं एकच, जणू पाठ करून आल्यासारखं: बाथरूममध्ये पाय घसरला.

आता या गावातल्या निम्म्या घरांना बाथरूम म्हणावं असं काही नव्हतंच. मागच्या अंगाला चार पत्रे उभे केलेले आणि खाली फरशीचा एक तुकडा, झालं बाथरूम. शिंप्याकडे तर तेही नव्हतं. तो सत्तरीचा गडी उघड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी अंघोळ करायचा. तरी पाय घसरला तो बाथरूममध्येच.

“काका, तुमच्याकडे बाथरूम आहे कुठे?” नर्सने त्याच्या मनगटाला फळी बांधता बांधता विचारलं होतं.

“शेजाऱ्यांच्या.”

“शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये तुम्ही काय करत होतात?”

“पडत होतो,” शिंपी म्हणाला आणि छताकडे बघत बसला.

सतरा वर्षं या उपकेंद्रात काढलेली बाई ती. बाथरूममध्ये पडणारा माणूस मागे पडतो आणि कंबर नाहीतर डोकं फोडून घेतो, हे तिला पुस्तक न उघडता ठाऊक होतं. ही सगळी माणसं पुढे पडली होती. सगळ्यांना मार उजव्या अंगाला बसला होता, सगळ्यांची डावी नडगी लांबलचक सोलवटली होती, आणि जखम धुताना निघायची ती सिमेंटची पूड. साबणाचा फेस काही कुणाच्या जखमेतून निघाला नाही. पण खोदून विचारावं तर माणसं दगड व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती दात-ओठ खात ‘बाथरूम’ लिहायची आणि महिनाअखेर कागद वर पाठवायची.

वरचे लोक कागदावर भारी विश्वास ठेवतात. एक दिवस टेम्पो आला आणि उपकेंद्राच्या दारात बाथरूममध्ये अंथरायच्या साठ रबरी चटया टाकून गेला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. गावाने त्या चटया आनंदाने नेल्या. कोणी वासराच्या खाली घातल्या, कोणी दुकानाच्या पायरीवर. शिंप्याने एक आपल्या मशीनखाली घातली, म्हणजे शिवताना मशीन पुढे सरकत नाही. त्याने ते नर्सला कौतुकाने दाखवलंसुद्धा. ती काही न बोलता निघून आली, कारण बोलली असती तर शिवी तोंडातून गेली असती.

त्याच आठवड्यात तिची सासू पडली.

नर्स दुपारी जेवायला घरी आली तर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसलेल्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, कपडे गुडघ्यापर्यंत ओले आणि शेजारी जेवणाचा डबा, एका बाजूने चेपलेला.

“बाथरूममध्ये पाय...”

“आई, बाथरूम मी सकाळी धुतलंय. तेव्हापासून कोरडं ठणठणीत आहे. आणि डबा घेऊन कोण जातं बाथरूममध्ये?”

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की त्यांच्याकडून चकार शब्द निघत नाही, हे नवऱ्याने तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. नवरा ट्रक चालवायचा, पंधरा पंधरा दिवस रस्त्यावर असायचा, म्हणून ही माहिती देऊन तो मोकळा झाला होता. नर्सने मुकाट्याने जीप बोलावली, मोठ्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं. संध्याकाळी चहा करून समोर ठेवला आणि स्वतः दारात ठाण मांडलं.

“आता खरं काय ते सांगा. नाही सांगितलं तर मी तुमच्या मुलाला फोन लावते.”

“त्याला कशाला. तो गाडी चालवत असेल,” सासूबाई म्हणाल्या. मग चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “तुझ्या काठीनं पाडलं मला.”

प्रकरण असं होतं. कालव्याच्या पलीकडे सासूबाईंची थोरली बहीण राहायची. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा सकाळी वीटभट्टीवर जायचा तो दिवेलागणीला यायचा. त्यामुळे रोज दुपारी सासूबाई मऊ शिजवलेला डबा घेऊन जायच्या, ताईला भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या, तासभर बोलून परत यायच्या. नर्सला वाटायचं, सासूबाई दुधाच्या टेम्पोतून रस्त्याने, मोठ्या पुलावरून जातात. तसं त्यांनीच सांगितलं होतं. टेम्पो जायचा सकाळी आठला, डबा तयार व्हायचा अकराला, एवढा हिशेब घरातल्या शिकलेल्या माणसाने कधी केला नाही.

जायच्या त्या खांबांवरून. विजेची लाइन बदलली तेव्हा सिमेंटचे दोन जुने खांब उरले होते. कुणीतरी ट्रॅक्टरने ओढून ते कालव्यावर शेजारी शेजारी आडवे टाकले आणि सहा वर्षं गावाचा तोच जवळचा रस्ता झाला. पलीकडे शेतं, पलीकडे दुकानं, पलीकडे सोयरेधायरे. साठीच्या पुढच्या कोणी खांबांवरून जायचं नाही, असं नर्स दर महिन्याच्या सभेत सांगायची आणि सगळी म्हातारी माणसं एकसाथ माना डोलवायची. सभा संपली की त्यातली निम्मी खांबांवरूनच घरी जात होती, हे तिला आज कळलं.

“पण पूर्वी कोणी पडायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आमची पद्धत होती. एकट्यानं जायचं नाही. चपला काढून काखेत मारायच्या, दोघांनी हात धरायचे आणि आडवं आडवं सरकत जायचं. अलीकडे एक जण उभा, पलीकडे एक जण उभा. मग तू काठ्या वाटल्यास.”

नर्सला आठवलं. चार-पाच महिन्यांपूर्वी खाली रबराचं बूच असलेल्या बेचाळीस काठ्या आल्या होत्या. तिने प्रत्येकाला चालवून दाखवलं होतं, प्रत्येकाची सही घेतली होती आणि दम भरला होता की यापुढे काठीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही.

“एका हातात काठी, एका हातात डबा. मग हात कुणाचा धरायचा? आणि त्या दोन खांबांच्या मध्ये फट आहे. दोन बोटांची असेल. तुझं ते रबर तिच्यात बरोबर जाऊन बसतं, बाटलीला बूच बसावं तसं. माणूस जातो पुढे, काठी राहते मागे.”

“मग सोडून द्यायची ना काठी.”

“सोडून कशी द्यायची? सरकारी आहे. सही केलीय आम्ही.”

नर्सला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती चिडली. अकरा माणसं तिच्या काठीने पाडली होती. तिचं ऐकलं म्हणून पडली होती. सतरा वर्षांत या लोकांनी तिची एक गोष्ट मनापासून ऐकली, आणि ती ही.

“मग पहिल्याच माणसाने हे मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं की तू लिहिणार. लिहिलं की साहेब येणार. साहेब आले की खांब उचलून नेणार.”

“असं कोणी करत नाही, आई. फट बुजवतील. बाजूला कठडा लावतील. आजवर कागदावर बाथरूमच जातंय, मग कठडा कोण देणार? खरं लिहिलं तरच काम होईल.”

“भीक नको पण कुत्रं आवर, अशी वेळ आणशील.”

“नाही येणार. मी शब्द देते.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं. मी अडवत नाही. पण ताई दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही, हे तुला माहीत आहे. माझा डबा चुकता कामा नये.”

“डबा चुकणार नाही. तो माझ्यावर सोडा.”

दुसऱ्या दिवशी ती शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली, कारण गावातली सगळी मोडकी मनगटं तिथेच जमायची. तिने आधी काठ्यांबद्दल माफी मागितली. ती मागताना तिला घाम फुटला, पण मागितली. मग खरं कारण लिहायची परवानगी मागितली. सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शेवटी शिंपी म्हणाला, “लिहा बाई. तुमच्या घरातली पडली, आता तुम्हाला राहवणार नाही.” तिने अकरा नोंदी खोडून पुन्हा लिहिल्या, बारावी सासूबाईंची लिहिली, आणि दोन अर्ज केले, एक आरोग्याच्या ऑफिसला, एक कालव्याच्या. सोबत चित्र काढून जोडलं: फट किती बोटांची, काठीचं बूच केवढं, कठडा कुठून कुठे हवा. मागणी एवढीच होती, एक पोतं सिमेंट आणि चाळीस फूट लोखंडी पाइप. एवढा चांगला अर्ज तिने आयुष्यात लिहिला नव्हता. पाठवला त्या दिवशी तिला झोपसुद्धा छान लागली.

तीन आठवड्यांनी क्रेन आली. अर्ध्या तासात दोन्ही खांब उचलून ट्रकवर टाकले आणि काठावर एक पाटी रोवली: ‘येथून कालवा ओलांडण्यास सक्त मनाई आहे. वृद्धांनी विशेष काळजी घ्यावी.’

नर्स धावत पोचली तेव्हा ट्रक वळणावर गेला होता. तिने तिथूनच कालव्याच्या साहेबांना फोन लावला.

“अभिनंदन मॅडम,” साहेब म्हणाले. “तुमच्या रिपोर्टमुळे तातडीने कारवाई झाली. इतका व्यवस्थित रिपोर्ट आम्हाला कधी येत नाही.”

“साहेब, मी कठडा मागितला होता.”

“आता ओलांडायलाच काही नाही, तर कठडा कशाला?”

“मग माणसांनी जायचं कुठून?”

“पूल आहे की रस्त्याला.”

“साडेचार किलोमीटर पडतात.”

“चालणं तब्येतीला चांगलं, हे तुम्हीच लोकांना सांगता ना, मॅडम,” असं म्हणून साहेब मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर तिला त्याचा जास्त संताप आला. वाईट असता तर भांडता आलं असतं.

गावात तिला कोणी एक शब्दाने बोललं नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुताराने एक फळी टाकून पाहिली, ती कालव्यावरच्या पाटकऱ्याने दुसऱ्याच दिवशी काढून नेली. पाटकरी नर्सच्या समोरून खाली मान घालून गेला. “नोकरी आहे, बाई. वरून सांगितलंय, काही टाकू द्यायचं नाही.” त्याचीही आई पलीकडेच राहत होती.

खांब होते तोवर सासूबाई काठी घरी ठेवून, जुन्या पद्धतीने कुणाचा तरी हात धरून जात होत्या. आता डब्याचा शब्द नर्सने दिला होता, तो ती पाळू लागली. रोज बाराला उपकेंद्राला कुलूप घालायचं, स्कूटरवर सासूबाईंना मागे बसवायचं, एका हाताला प्लास्टर आणि दुसऱ्या हाताने तिची कंबर धरलेली, आणि साडेचार किलोमीटर जायचं. मग ताईंचं जेवण होईपर्यंत घड्याळाकडे बघत दारात उभं राहायचं. सासूबाईंना बहिणीशी धड बोलता यायचं नाही. एक घास भरवला की त्या मागे वळून बघायच्या. “झालंच हां,” असं सुनेला म्हणायच्या. ताई विचारायच्या, “आज गडबडीत आहेस का गं?” आणि सासूबाई म्हणायच्या, “नाही, कसली गडबड.”

पाचव्या दिवशी कुलूप बघून कोणीतरी वर तक्रार केली. नवव्या दिवशी लसीकरण होतं. बाळं रडत होती, आया भांडत होत्या, लसीची पेटी उशिरा आली, आणि नर्सने घड्याळ पाहिलं तेव्हा तीन वाजून गेले होते. दोघी पोचल्या तेव्हा शेजारणीने पुढे केलेली ताटली ताईंच्या उशाशी तशीच पडली होती. ताईंचं अंथरूण ओलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि बहिणीने हाक मारली तरी लवकर वळल्या नाहीत.

 घरात शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, “उद्यापासून तू यायचं नाहीस. मी काय पार्सल आहे, रोज पोचवायला? माझं मी बघते.”

“कसं बघता?”

“बघते म्हटलं ना.”

नर्सने वाद घातला नाही. ती दमली होती, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून तिला जरा सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी ट्रॅक्टरवाला नेणार असेल, असं तिने स्वतःला समजावलं. जे कळून घ्यायचं नसतं ते माणसाला अगदी समोर असलं तरी दिसत नाही. गेले चार महिने रजिस्टर लिहिताना तिने हेच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला ती एका बाळंतिणीला बघायला निघाली. वाटेत शिंप्याचं दुकान उघडं होतं, मशीनवर कापड तसंच, सुई खाली, आणि शिंपी नाही. असं कधी होत नसे.  ती कालव्याकडे वळली. खांबांच्या जागेवर कोणी नव्हतं. मग तिने खालच्या बाजूला पाहिलं.

तिथे गावाचा पिण्याच्या पाण्याचा पाइप कालव्यावरून जायचा. मिठीत मावेल एवढा जाड, गोल, वरून ओलसर. त्याच्या बरोबर मधोमध तिची सासू बसली होती. दोन्ही बाजूंना पाय सोडलेले, डबा पाठीला बांधलेला, प्लास्टरचा हात छातीशी. चांगला हात पुढे टेकवायचा, अंग उचलायचं, वीतभर सरकायचं, थांबायचं. खाली कालवा भरून वाहत होता. अलीकडच्या टोकाला शिंपी उभा होता, पलीकडच्या टोकाला सुताराची म्हातारी आई जमिनीवर पालथी झोपून हात पुढे करून वाट बघत होती.

नर्सने तोंड उघडलं. शिंप्याने ओठांवर बोट ठेवलं.

ओरडली असती तर सासूबाईंनी दचकून मागे पाहिलं असतं. ओरडायचं नव्हतं, धावायचं नव्हतं, हाकही मारायची नव्हती. सतरा वर्षं ती बोलून बोलून माणसांना जपत आली होती, आणि आता तिच्याकडून सासूचा जीव वाचण्यासारखं काही होणार असेल तर ते एवढंच होतं, तोंड मिटून उभं राहणं. ती उभी राहिली.  वीतभर, थांबणं. वीतभर, थांबणं. शेवटी म्हातारीच्या हाताने सासूबाईंचा हात पकडला, त्या पलीकडे उतरल्या, कपडे झटकले आणि मागे न बघता बहिणीच्या घराकडे चालू लागल्या.

“किती दिवस चाललंय हे?” नर्सने विचारलं. 

“खांब गेले त्या दिवसापासून आम्ही जातोय. तुमच्या सासूबाई आज पहिल्यांदा,” शिंपी म्हणाला. “त्या तुमच्या शब्दासाठी थांबल्या होत्या.” मग पाइपकडे बघून म्हणाला, “हे लिहू नका, बाई. हा पाइप उचलून नेला तर गावाचं पाणी जाईल.”

ती तिथेच काठावर बसली आणि रडली. दुःखाने नाही, रागाने. साहेबावर, पाटीवर, काठ्यांवर, या हट्टी म्हाताऱ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त त्या छान झोपलेल्या रात्रीच्या स्वतःवर. बाळंतीण वाट बघत होती. उपकेंद्र उघडं टाकून ती आली होती. येऊ दे तक्रार. ज्या वाटेने सासूबाई गेल्या त्याच वाटेने त्या परत येणार होत्या.

तासाभराने त्या पलीकडच्या काठावर दिसल्या. सून बसलेली त्यांनी पाहिली, डबा पाठीला घट्ट बांधला आणि पाइपवर बसल्या.

नर्सने चपला काढल्या आणि पाण्यात उतरली. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागलं. धार पाय उचलत होती. तळाच्या गाळात तिने टाचा रोवल्या आणि पाइपच्या खाली, सासूबाईंच्या अगदी बाजूला जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली.

“बाजूला हो,” सासूबाई समोर बघतच म्हणाल्या. “तुझ्या अंगावर पडेन ना.”

“पडा,” ती म्हणाली. “पडायचंच असेल तर माझ्यावर पडा.”

 सासूबाईंनी प्लास्टरचा हात छातीपासून सोडवून सुनेच्या डोक्यावर टेकवला, दुसरा हात पुढे टाकला आणि वीतभर सरकल्या. नर्स पाण्यात एक पाऊल सरकली.